अकोल्याची रांग

आमच्या वलगावच्या घरात पहाट व्हायची ती दादाच्या श्वासानं. तो पडवीत बैठका काढायचा आणि त्याचा श्वास एका लयीत आत-बाहेर होत राहायचा, हुं-हुं, हुं-हुं, शेकड्यानं. त्या आवाजावर माय उठायची, म्हशीखाली बसायची, आणि मग रात्री भिजत घातलेले बदाम पाट्यावर वाटले जायचे. मी गोधडीत पडून सगळं ऐकायची. थोडं उजाडलं की शेजारीपाजारी रेचे सुरू व्हायचे. कापसातून सरकी काढायचा तो लाकडी रेचा एकदा करकरायला लागला की दिवसभर थांबत नसे. पण त्याच्या आधीचा तेवढा वेळ दादाच्या श्वासाचा होता. आता म्हातारपणी पहाटे जाग येतेच, आणि कान सवयीनं तो आवाज शोधतात. ऐकू येतो तो सरकी काढायच्या जिनाचा भोंगा.

दादाचं नाव किसना. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी सारजा, तेव्हा चौदाची. लग्न झालेलं होतं पण नांदायला जायची होते, म्हणजे धड इकडची नाही आणि धड तिकडची नाही. घरात जे जे दाट होतं ते दादाचं आणि जे पातळ ते आमचं, असं मी एकदा बोलून गेले तेव्हा मायनं असा चिमटा काढला की दंड चार दिवस हिरवा होता. पण खोटं नव्हतं ते. दूध त्याला, ताक आम्हाला. तूप त्याच्या वाटीत, आणि तुपाचं भांडं पुसलेली भाकर आम्हाला. मला राग यायचा, पण तो दादावर टिकत नसे. खसखस-बदामाचा पेला तो कधी पुरा पीत नसे. तळाशी दोन बोटं ठेवायचा आणि मायची पाठ वळली की पेला माझ्याकडे सरकवायचा. एवढा धिप्पाड गडी, पण लाजाळू इतका की रस्त्यात कोणी ‘रामराम पहिलवान’ म्हटलं की खाली बघून चालायचा.

ते दिवसच वेगळे होते. साहेबाच्या मुलखापलीकडं कुठंतरी लढाई लागली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला असा भाव आला होता की म्हातारी माणसं ऐकून आधी हसायची आणि मग गप्प व्हायची. ज्याच्या घरी लाकडी पाट नव्हता त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढवली. बामणानं सत्यनारायण मोठा केला, तेल्यानं तालमीला कंदील दिले. आणि गावोगाव पहिलवान पोसायची हौस आली. दादा वलगावचा असला तरी कसरत अमरावतीच्या तालमीत करायचा, म्हणून अमरावतीची माणसं त्याला आपलाच म्हणत. अमरावतीला आम्ही तेव्हा उमरावतीच म्हणायचो. दादा जिथं लढायला जाई तिथं गाड्याच्या गाड्या त्याच्यामागं निघत. त्यांत सोनार, कोष्टी, वावरवाले सगळे, आणि ज्यांनी जन्मात मातीला हात लावला नव्हता पण सगळे पेच तोंडपाठ होते असे एक भटजीसुद्धा. दादा हरला तर ही माणसं दोन दिवस जेवत नसत. जिंकला तर आपणच जिंकल्यासारखी मिशांना तूप लावत.

त्या साली अकोल्याच्या एका बड्या शेठनं कुस्त्यांची दंगल मांडली. शेठच्या पदरी हैदराबादेकडचा एक पहिलवान होता, दोन वर्षं कोणी त्याची पाठ लावली नव्हती. अमरावतीकडून जोड कोण, म्हणून विचारणं आलं, आणि आमच्या बानं उठून किसनाचा नारळ कबूल केला.

नारळाची ती रीत आता कोणाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. मोठी जोड ठरली की दोन्हीकडचे वडीलधारे आखाड्याच्या मारुतीपुढं एकेक नारळ ठेवत. कुस्तीच्या आदल्या दिवशी, दिवस मावळेपर्यंत, घरचा वडीलधारा आपला नारळ उचलून घेऊ शकत असे. त्याला कारण विचारायचं नाही, हसायचं नाही. जोड मोडली एवढंच म्हणायचं. पण नारळ उचलायचा वडीलधाऱ्यानं. पहिलवानानं स्वतः त्याला हात लावला तर तो पळाला असं ठरायचं, आणि पुन्हा कुठल्याच तालमीत त्याला पाय ठेवू देत नसत. स्वतःच्या तोंडानं बापाला ‘मले दुखते’ म्हणणं हेसुद्धा नारळाला हात लावण्यासारखंच. म्हणून पहिलवानाचं दुखणं घरच्या बाईच्या तोंडून बाहेर यायचं. तेल चोळताना, वाढताना आईच्या किंवा बहिणीच्या नजरेस पडलं, तिनं जाऊन सांगितलं, आणि बापानं नारळ उचलला, की कोणाचीच मान खाली जात नसे. पुरुषांनी पुरुषांची अब्रू राखायला ही एक वाट बायकांच्या हाती ठेवली होती.

मी अकोल्याला गेले ती दादासाठी रांधायला. दंगलीच्या दिवसांत पहिलवानानं परक्या हातचं खायचं नाही. नजर लागते, कोणी काही घालतं. मायच्या गळ्यात म्हशी आणि कापसाची शेवटची वेचणी होती. म्हणून आमच्या घरची बाई म्हणून मी एकटीच गाडीत बसले. मागं अमरावतीच्या गाड्या होत्या, त्यांत काही बायकाही होत्या. सगळ्यांत तोंडाळ गंगाकाकू, कोष्ट्याची, डफड्यासारखा आवाज. बडनेऱ्यावरून मूर्तिजापूरकडं तीन दिवसांची वाट. दुपारी झाडाखाली गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी आणि वरण, आणि गड्यांच्या तोंडी एकच गोष्ट, किसना काय करील आणि हैदराबादी काय करील. दादा तेवढा बाजूला बसून जेवायचा. तो उजव्या हातानंच पाण्याचा तांब्या उचलायचा आणि डावा मांडीवर ठेवायचा, हे मी तेव्हा बघितलं होतं. बघितलं, पण मनावर घेतलं नाही.

मोर्णा नदीच्या काठी गाड्या सोडल्या. अकोल्यात पाऊल टाकलं की कापूसच कापूस. रस्त्याच्या कडेला, बाभळींच्या काट्यांवर, बायकांच्या केसांत, चुलीवरच्या माझ्या दुधाच्या गंजावरसुद्धा तंतू उडून बसायचे. आखाड्याभोवती शेठनं उंच लाकडी कुंपण घातलं होतं. आत जाणं फुकट, पण शिक्क्यावाचून नाही. कापसाच्या गाठींवर मारतात तो शेठचा काळा शिक्का मारलेला कापडाचा टीचभर तुकडा, माणशी एक, शेठच्या वखारीच्या खिडकीवर मिळायचा. आमचे गडी मोठ्या ऐटीनं गेले आणि संध्याकाळी तोंडं पाडून परत आले. अकोल्याची माणसं आदल्या दिवसापासून बस्तान मांडून बसली होती. कोणी खाट आणली होती, कोणी जागा धरायला पागोटं ठेवून जेवायला गेला होता, आणि त्या पागोट्याला हात लावला म्हणून आमच्या सोनाराला दोन धपाटे बसले होते. चाळीसेक माणसं तीन दिवस धूळ खात आली, आणि कोणाच्याही हाती शिक्का नाही. बा गाडीच्या जुवावर बसून राहिला. म्हणाला, “किसना उतरन मातीत अन् त्याच्या नावानं वरडाले आपलं एक माणूस नसन. असं कदी झालं नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला दूध द्यायला नदीकडं गेले. हाच कुस्तीचा आदला दिवस. तो खडकावर बसला होता. पेला त्यानं डाव्या हातात घेतला, आणि पेला सुटून दगडावर आपटला. दूध सगळं पाण्यात. मी ओरडणार एवढ्यात त्यानं मला खाली बसवलं.

“सारजे, या हातात जीव नाई रायला. मानीपासून मुंग्या येऊन राहिल्या. दिवाईपासून हाय हे.”

“दिवाईपासून? अन् तू आता सांगून राहिला?”

“वाटे आपोआप जाईन. नाई गेलं. काल मान वळवली तं डोयासमोर अंधारी आली.” त्यानं उजव्या हातानं पेला उचलून मला दिला. “तू बाले सांगजो. दिवस बुडायच्या आत सांगजो, मंग नारळ हालत नाई. मी कसा सांगू? तूच सांगू शकते.”

“सांगतो ना,” मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही येतो, जातो, सांगतोच म्हणतात.

“भेव नाई वाटत मले हराचं,” तो म्हणाला. “हे वेगळं हाय काहीतरी.”

मी निघाले ती सरळ बाकडं जायला निघाले, हे शपथेवर सांगते. पण गाड्यांपाशी वेगळाच कालवा चालला होता. गंगाकाकू कमरेला पदर खोचून गड्यांना फैलावर घेत होती. तिनं सकाळी बाजारात एक बातमी ऐकली होती. शेठच्या आईला कुस्ती बघायची होती, म्हणून वखारीच्या गच्चीवर कनातीआड बायकांना बसायची सोय केली होती. त्यासाठी खिडकीवर बायकांची वेगळी रांग होती. रांग कसली, चार म्हाताऱ्या उभ्या होत्या. आणि शिक्का तोच! बायकांना वेगळा शिक्का करावा हे शेठच्या एवढ्या कारभारात कोणाला सुचलं नव्हतं. गंगाकाकू म्हणाली, “तुमी मिशावाले दिवसभर उभे राहून रिकाम्या हातानं आले. आता आमी जातो.”

माझा हात धरून तिनं मलाही ओढलं. मला वाटलं, एवढं उरकून मग बाला सांगू. दिवस तर अजून डोक्यावरही आला नव्हता.

खिडकीत एक मुनीम बसला होता, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यानं काकूला विचारलं, “नाव?”

“गंगा.”

“कोणाची?”

काकू गप्प. मागं आम्हीही गप्प. मुनीम खेकसला, “अगं, नवऱ्याचं नाव सांग ना बाई! चोपडीत लिहावं लागते.”

“त्याइचं नाव कसं घेऊ बाप्पा?” काकू पदराआडून म्हणाली. “तुमच्या घरची घेते काय तुमचं नाव, भर बजारात?”

रांगेतल्या म्हाताऱ्या हसल्या. मुनिमाचे कान लाल झाले. त्यानं ‘गंगा, बाई एक’ एवढंच लिहिलं आणि शिक्का सरकवला. तिथंच आम्हाला कळलं की ह्या खिडकीवर आमची ओळख पटवायला ह्या माणसाकडं काहीच नाही. तोंडावर पदर, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि परक्या बाईला पदर वर कर म्हणायची त्याची छाती नाही. आम्ही अकरा बायका होतो. गाड्यांकडं परत जायचं, लुगडं बदलायचं, पुन्हा रांगेत. हिरवं नेसून मी सारजा होते, काकूचं जांभळं नेसून भागीरथी झाले, सोनाराच्या बायकोचं नेसून यमुना. चौथ्या खेपेला मी कंबर वाकवून म्हातारी झाले आणि आवाज असा थरथरवला की मुनीम म्हणाला, “बसा आजी, पायऱ्यांवर बसा.” आम्ही गाडीआड जाऊन हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडलो. इतकं मोकळं मी आयुष्यात पुन्हा हसले नाही. ते हसू मला आजही आठवतं आणि त्याची लाज वाटते, पण आठवतं.

दुपार ढळेतो गड्यांचे चाळीसाच्या चाळीस शिक्के झाले, वर आम्हा बायकांचे वेगळे. सगळ्यांत जास्त माझे. मी ते पदरात घेऊन बापुढं ओतले तेव्हा गड्यांनी एकच गिल्ला केला. भटजीबुवा म्हणाले, ही पोर नव्हे, दुर्गा आहे. आमचा बा माझ्याशी बोलणारा माणूस नव्हता. पाणी दे, दार लाव, एवढंच आमचं बोलणं. मुलीशी काय बोलायचं असतं, असं त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी त्यानं सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “लोक म्हणतात मले एकच पोट्टा हाय. मले दोन पोट्टे हायेत, दोन.” आणि गुळाचा मोठा खडा माझ्या हातावर ठेवला.

आता मी कसं सांगणार होते? हे मी तेव्हा स्वतःला विचारलं आणि आजवर विचारत आले आहे, जसं काही त्याला उत्तर नव्हतंच. उत्तर सोपं होतं. ‘बा, दादाची मान दुखून राहिली, नारळ उचल.’ श्वासभर बोलायचं होतं. पण ते बोलले असते तर चाळीस शिक्के वाया गेले असते, चाळीस माणसं माझ्याकडं बघत राहिली असती, आणि डोक्यावरचा तो हात निघाला असता. आणि ह्याहून लहान, ह्याहून वाईट एक गोष्ट होती. मला बघायचं होतं. एक शिक्का माझ्यासाठी होता. लहानपणापासून ज्याचा श्वास ऐकत आले त्याची कुस्ती मी एकदाही बघितली नव्हती. आखाड्याकडं बायका जात नसत. उद्या गच्चीवरून मी ती बघणार होते. अशी संधी मला पुन्हा येणार नव्हती, आणि आलीही नाही. दादा बळकट आहे, मुंग्या काय सगळ्यांनाच येतात, असं मी मनाला समजावत गूळ खात बसले.

दिवस मावळायला आला तेव्हा दादा नदीकडून आला. बा पलीकडं गड्यांत बसला होता, त्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

“सांगतलं?” त्यानं हळूच विचारलं.

अजून वेळ होता. ऊन बाभळींच्या शेंड्यांवर होतं. मी चुलीत फुंकर घातली आणि म्हटलं, “सांगतलं.”

“मंग? उचलते काय?”

“बा म्हणे, खेळू दे.”

हे शब्द माझ्या तोंडून कसे आले मला कळलं नाही. खोटं एकदा निघालं की त्याला पुढचं शेपूट आपोआप फुटतं.  दादानं एकदा बाच्या आवाजाच्या दिशेनं बघितलं आणि मग चुलीकडं बघत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, “खेळू दे म्हणे?”

“हो.”

“बरं,” दादा म्हणाला आणि जेवायला बसला. मी वाढलेलं सगळं त्यानं खाल्लं. पुन्हा वाढू का विचारलं तर मान हलवली नाही, हातानंच नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वखारीच्या गच्चीवर कनातीच्या फटीला डोळा लावून मी बसले होते. खाली माणूसच माणूस. आमचे चाळीसजण एका कोपऱ्यात घट्ट बसले होते आणि अकोल्याच्या हजारात त्यांचा आवाज वेगळा कळत होता, “उमरावती! उमरावती!” डफडी वाजली. दादा लंगोट लावून आला, अंगाला तांबडी माती, आणि इतका देखणा दिसला की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. कुस्तीला जाण्याआधी तो बाच्या पाया पडला. दर वेळी पाया पडून तो बाच्या तोंडाकडं बघायचा आणि बा मान हलवायचा, असं गडी सांगायचे. त्या दिवशी त्यानं वर बघितलंच नाही. पायाला हात लावून तसाच वळला. बा बिचारा मान हलवायला तयार उभा होता.

फार वेळ चाललं नाही. सुरुवातीला दादानं त्याला दोनदा ढकलत नेलं आणि आमचा कोपरा उभा राहून ओरडायला लागला. मीही ओरडले. शेठच्या म्हाताऱ्या आईनं वळून माझ्याकडं बघितलं. मग हैदराबाद्यानं दादाची मान बगलेत धरली आणि पलटी मारली. कुस्तीत हे रोज होतं. त्यातून माणूस हाताचा टेका घेऊन निघतो. दादाचा डावा हात टेका घ्यायला गेला आणि तिथंच दुमडला. सगळा भार मानेवर आला. मला वाटलं तो आता उठेल. गच्चीवरच्या बायका बोलत होत्या, एक कोणी सुपारी कातरत होती. मग आमच्या कोपऱ्यातला आवाज एकदम बंद झाला.

दादा मेला नव्हता. डोळे उघडे होते, बोलत होता, पण मानेखाली त्याला काही कळत नव्हतं. वैद्य आला, त्यानं पायाला सुई टोचून बघितली आणि नुसतं घरी न्या म्हणाला. ज्या कापसापायी सगळं आलं होतं तोच रुईचा ढीग कोणीतरी आमच्या गाडीत पसरला आणि त्यावर त्याला निजवलं. गाडी जुंपत होते तेव्हा तो हैदराबादेकडचा पहिलवान आला. त्यानं दादाच्या पायांना हात लावला, जे पाय काही जाणत नव्हते, आणि रडला. बाला म्हणाला, “सलामी लेते वक्त ही इसका बायाँ हाथ ठंडा था. पकड़ थी ही नहीं. मैं समझा, चाल है. किसी ने एक बोल बोला होता तो मैं गर्दन को हाथ नहीं लगाता, चाचा.”

बानं जू उचलून बैलांच्या मानेवर ठेवलं.

परतीच्या वाटेला गाण्याचा, बोलण्याचा आवाज नव्हता. चाळीस माणसं गाड्यांतून उतरून पायी चालत होती, का ते कोणी कोणाला सांगितलं नाही. बा आमच्या गाडीचा दांडा धरून चालत होता. मी दादाच्या उशाशी बसून तोंडावरच्या माश्या वारत होते. मूर्तिजापूर मागं पडल्यावर बानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“किसना, हातात जीव नव्हता तुह्या?”

“नव्हता बा.”

“कदीपासून?”

“दिवाईपासून.”

बा काही पावलं चालला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, रीतीनं घरच्या बाईला विचारायचं म्हणून. “अन् तुले दिसलं नाई काय वो, वाढतानी? मी नारळ उचलला असता. तिथंच उचलला असता. मले सांगतलं काहून नाई कोणी?”

मी दादाकडं बघितलं. त्याला मान वळवता येत नव्हती, पण डोळे वळले. कुस्तीच्या आदल्या संध्याकाळपासून तो समजत होता की बापाला सारं ठाऊक होतं आणि तरी बापानं त्याला मातीत उतरवलं. ते समजणं त्याच्या डोळ्यांतून निघून जाताना मी बघितलं. त्याच्या जागी मी आले. त्याला सगळं कळलं. मी माश्या वारायचं थांबवलं.

“तिले कसं दिसन बा?” दादा म्हणाला. “मीच दिसू नाई देल्लं. मले वाटलं जमन.”

बा दांडा सोडून मागं राहिला आणि मागच्या गाडीबरोबर चालू लागला. दादानं डोळे मिटले. मला म्हणाला, “माशी हाय, हाकल.”

घरी आल्यावर तो अकरा दिवस होता. मी त्याला भाकर दुधात कुस्करून भरवायची. एकदा माय गोठ्यात गेलेली बघून मी म्हटलं, “दादा, मी तुले...” त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. “नको. माय आयकन,” म्हणाला, आणि तोंड उघडलं, घास घाल म्हणून. तेराव्यानंतर मला सासरी पाठवलं. माझे यजमान शाळामास्तर होते, त्यांनी मला अक्षरं शिकवली, चांगला माणूस. त्यांनाही मी हे सांगितलं नाही. कापसाचा भाव पडला, शिंगांची टोपणं विकली गेली, अमरावतीचे ते चाळीसजण एकेक करून गेले. जे भेटत ते त्या रांगेची गोष्ट काढत, लुगडी बदलून बायकांनी मुनिमाला कसं बनवलं ती. हसत आणि मग किसनाची आठवण होऊन गप्प होत.

बा पुढं बरीच वर्षं जगला. त्याच्यापाशी एकच बोलणं उरलं होतं. कोणी पाहुणा आला, कोणी पहिलवानाचं नाव काढलं, की तो म्हणायचा, “माह्यापासून लपवलं त्यानं. बापाचा भरोसा नव्हता त्याले.” हे तो मुलावर रागावून म्हणायचा, आणि मुलावर रागावण्याशिवाय त्याला दुसरं सुख नव्हतं असं मला वाटे. शेवटच्या दुखण्यात मी माहेरी येऊन त्याची उस्तवार केली. एका दुपारी मी त्याला पेज पाजत होते. घोट गिळून तो म्हणाला, “सारजे, त्यानं मले सांगाले पाह्यजे होतं.”

घरात दुसरं कोणी नव्हतं. मी भांडं खाली ठेवलं. त्याचं तोंड पदरानं पुसलं.

“हो बा,” मी म्हटलं, “सांगाले पाह्यजे होतं त्यानं.”